चेटकाच्या पुस्तकाची शिवण

६ जानेवारी

दुकानात चांगल्या कागदाच्या कातरणी साठल्या होत्या. टाकवेनात, म्हणून शिवून ही वही केली. ही म्हणाली, "उभा जन्म लोकांच्या पुस्तकांना पुठ्ठे घातलेत, आता स्वतःचं काहीतरी लिहा. निदान किराणा तरी." किराणा लिहीत नाही. चांगली बातमी आहे, ती लिहितो.

आज इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी हिच्या पोटाचे सगळे फोटो दिव्यासमोर धरून पाहिले आणि म्हणाले, आता सुया नकोत, तपासण्या नकोत, इथे येण्याची दगदगही नको. घरीच ठेवा. त्यांना बरं वाटेल असं औषध देतो. मी पुन्हा पुन्हा विचारलं, बरं वाटेल ना? ते म्हणाले, हो, बरं वाटेल. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हिने माझ्या पाठीवर हात ठेवला. बाहेर आल्यावर ती जिन्यात थोडा वेळ बसून राहिली. दमली असेल.

संध्याकाळी प्रार्थनासभेत सांगितलं. सभेचे प्रमुख वयाने माझ्याहून लहान आहेत, पण सगळे त्यांना दादाच म्हणतात. दादांनी सगळ्यांना उभं करून देवाचे आभार मानायला लावले. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

१० जानेवारी

हिची खाट पुढच्या खोलीत खिडकीपाशी आणली. आमचं खाली दुकान, वर घर, मध्ये लाकडी तक्तपोशी. माझ्या कटिंग मशीनच्या बरोबर डोक्यावर आता तिची खाट आहे. काही हवं असेल तर ती काठीने फळी ठोकते. दोनदा ठोकलं तर पाणी. तीनदा ठोकलं तर "नुसतेच या". तीनदाच जास्त होतं.

भिंगरी शाळेतून आली की दप्तर टाकून आईच्या पांघरुणात शिरते. (दाखल्यावर पोरीचं नाव वेगळं आहे. पण ती एका जागी ठरत नाही, म्हणून हिने भिंगरी ठेवलं, तेच चिकटलं.) हल्ली वरून दोघींच्या हसण्याचे आवाज येतात. औषध लागू पडतंय.

शाळेच्या वाचनालयातून फाटक्या पुस्तकांच्या पेट्या आल्या. वाचनालयाच्या बाई हातगाडीबरोबर स्वतः चालत आल्या होत्या. एकाच पुस्तकाच्या पाच प्रती, पाचांचीही पाठ सुटलेली. 'धुक्याची किल्ली' असं नाव. मी म्हणालो, "कागद खराब आहे का हो?" बाई म्हणाल्या, "कागद चांगला आहे. पोरं वाईट आहेत. उशाखाली घेऊन झोपतात." मी म्हटलं, दुहेरी शिवण घालून देतो, मग खुशाल नातवंडांपर्यंत वाचा.

१५ जानेवारी

पाठ का सुटते ते बघायला म्हणून पुस्तक उघडलं आणि वाचत बसलो. वाचलं नसतं तर बरं झालं असतं. एक पोर आहे, दलदलीकाठी राहते. तिची आई धुक्यात हरवलीय. ही पोर एका म्हातारीकडे चेटूक शिकते. मिठाचं रिंगण काढते, एक शब्द बोलते आणि विहिरीचं पाणी वर चढतं. दोऱ्याला सात गाठी मारते आणि ताप उतरतो. वाचलं तेवढ्यात कुठेही देवाचं नाव नाही. शिवी देतानासुद्धा नाही.

वर गेलो तर हिच्या हातात तेच पुस्तक. सहावी प्रत. भिंगरी तिच्या कुशीत.

"अगं, हे चेटूक आहे," मी म्हणालो.

"हो ना. छान आहे."

"पोरीच्या डोक्यात काय भरवतेस?"

"बाबा, तू थांब ना जरा," भिंगरी म्हणाली. "आता ती धुक्यात शिरतेय."

मी थांबलो नाही. मी समजावून सांगितलं, की प्रार्थनेत माणूस मागतो आणि चेटकात हुकूम सोडतो. फरक एवढाच, पण जमीनअस्मानाचा. ही ऐकत होती. मग हसून म्हणाली, "तुम्ही रोज सकाळी माझ्या उशाशी उभं राहून देवाला काय सांगता ते ऐकते मी. वसंत लागायच्या आत उठू दे, पूर्वीसारखी जिना चढू दे. हुकूमच असतो तो. फक्त आवाज मऊ असतो."

आजारी माणसाच्या बोलण्याचा राग धरू नये. मी धरला नाही. पण खाली येऊन खळ ढवळायला घेतली आणि ती करपवली.

१९ जानेवारी

दादा दुकानात आले होते. मी त्यांना पुस्तक दाखवलं. मला वाटलं होतं ते वरवर चाळतील. त्यांनी उभ्याउभ्या तीन प्रकरणं वाचली. दादांचं हेच मला आवडतं, न वाचता बोलत नाहीत.

म्हणाले, "लिहिणाऱ्याचा हात चांगला आहे. म्हणून तर भीती. चेटूक दुष्टाच्या हातात दिलं असतं तर पोरं घाबरून देवाकडे वळली असती. इथे ते चांगल्या, प्रेमळ पोरीच्या हातात दिलंय. शब्द बरोबर उच्चारला की जग ऐकतं, असं एकदा मुलाला वाटलं, तर 'तुझी इच्छा असेल तसं होवो' हे म्हणायला त्याला कोण शिकवणार?"

मला हे मनापासून पटलं. अजूनही पटतं. याला उत्तर नाही.

मग त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्या बायकोसाठी रोज एवढे लोक हात जोडतात. आणि त्याच खाटेवर हे वाचलं जातं. देवाला एका दारानं बोलवायचं आणि दुसऱ्या दारानं घालवायचं, असं झालं हे."

हा विचार मला आधी कसा सुचला नाही?

दुपारी ही झोपली होती तेव्हा उशाखालून पुस्तक काढून घेतलं. खूण म्हणून तिने केसातली पिन घातली होती. शेवटचे दोन फर्मे, म्हणजे बत्तीसच पानं राहिली होती. पिन परत उशाखाली ठेवली. चोरी केल्यासारखं वाटलं, पण घरातला निखारा उचलून बाहेर टाकणारा चोर नसतो.

२२ जानेवारी

भिंगरीने आईच्या मनगटाला धागा बांधला. माझ्याच दुकानातला, मेण लावलेला शिवणीचा दोरा. सात गाठी. दुसरं टोक खाटेच्या पायाला, आणि खाटेभोवती मिठाचं रिंगण. मी दुपारचं औषध घेऊन वर गेलो तर ही शांत पडलेली, हात पुढे करून, जशी पोरीसमोर परीक्षेला बसलीय.

मी खिशातली कागद कापायची सुरी काढली.

"बाबा, नको! कापू नको!" भिंगरी माझ्या हाताला लोंबकळली. "उद्या सकाळपर्यंत ठेवायचा असतो. मध्येच कापला की उलटतो! पुस्तकात आहे!"

ही म्हणाली, "राहू द्या हो. तिला काहीतरी करू द्या."

मी कापला. हिला सुरी लागू नये म्हणून धाग्याखाली बोट घालून, सावकाश कापला. मीठ झाडून टाकलं. भिंगरी जिन्यात जाऊन बसली. ही पांघरूण ओढून भिंतीकडे वळली. घरात वाईट मी एकटाच ठरलो. चालेल. घर तर साफ झालं.

२५ जानेवारी

हिचं फार दुखतंय. परवापासून पोटात काही ठरत नाही. डॉक्टर घरी येऊन टोचून गेले.

ते टोचत असताना भिंगरी दारातून म्हणाली, "मी सांगितलं होतं ना."

संध्याकाळी दादांना सांगितलं तर ते म्हणाले, "चेटूक शिवलेलं घर आहे, त्याची झळ राहतेच." म्हणजे धाग्यानेच झालं याबद्दल दोघांचं एकमत आहे. पोरीच्या मते तो कापला म्हणून, दादांच्या मते बांधला म्हणून. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "कशानेही झालेलं नाही. हे असंच होत जाणार." डॉक्टर माणूस चांगला, पण श्रद्धा नाही.

२९ जानेवारी

शाळेत पालकांची सभा झाली. प्रार्थनासभेकडून पुस्तकाविरुद्ध अर्ज गेला होता. पाचवीच्या वर्गात बसवलं होतं सगळ्यांना, गुडघे बाकाखाली मावेनात. मुख्याध्यापकांना फक्त भांडण नको होतं. ते दर दोन वाक्यांना "सगळ्यांच्या भावनांचा आदर" म्हणत होते.

एक वडील म्हणाले, मग राक्षसाच्या गोष्टीही काढा. दुसऱ्या एक आई म्हणाल्या, बोलणाऱ्या कोल्ह्याचं काय? त्याला वाचा कोणी दिली? वाचनालयाच्या बाई उठल्या. "मी एवढी वर्षं या शाळेत आहे. हे पुस्तक वाचून अजून एकाही मुलाने विहिरीचं पाणी वर चढवलेलं नाही. आपल्या शाळेत तर नळाचंही चढत नाही." सगळे हसले. दादासुद्धा हसले. मला वाटलं, आता निसटलं हातातून.

मग मी उठलो. मला बोलण्याची सवय नाही. मी नुसतं घडलं ते सांगितलं: माझी बायको अंथरुणाला खिळलीय, औषधाने तिला बरं वाटत होतं, घरात हे पुस्तक आलं, पोरीने धागा बांधला आणि तेव्हापासून तिच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नाही. एक आई रडायला लागली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनाही उत्तर सुचलं नाही.

निकाल लागला. ज्यात चेटूक, जादू, मंतरलेल्या वस्तू आहेत ती सगळी पुस्तकं काढायची. घरी येताना लोक माझ्या खांद्यावर हात ठेवत होते. मी मनात म्हणालो, देवा, माझं काम मी केलं. आता तुझं.

३ फेब्रुवारी

"अहो, पुस्तक कुठे ठेवलंत?" हिने आज पहिल्यांदाच विचारलं. आवाज अगदी बारीक झालाय.

"शाळेने परत घेतलं." हे जवळजवळ खरंच आहे.

"दोनच प्रकरणं उरली होती. ती मला तिच्याबरोबर वाचायची होती."

"तू बरी झालीस की दुसरं चांगलं आणतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. काय बघते ते कळेना. मग म्हणाली, "हो. बरी झाले की." आणि थोड्या वेळाने, "मग तुम्ही तरी सांगा एखादी गोष्ट. दोघींना."

मला गोष्टी येत नाहीत. सभेत ऐकलेली एका सोशिक माणसाची सांगितली. त्याचं सगळं जातं आणि श्रद्धेमुळे सगळं दुप्पट होऊन परत येतं. ही मधेच झोपली. भिंगरी जागी होती. तिने विचारलं, "त्याची मेलेली माणसं पण दुप्पट आली परत?" मी म्हणालो, गोष्टीत असे प्रश्न विचारायचे नसतात.

७ फेब्रुवारी

शाळेने काढलेली पुस्तकं माझ्याकडेच पाठवली. दादा म्हणाले, जाळू नका, जाळलं की लोक तमाशा म्हणतात. उसवा आणि लगद्याला द्या. बरोबर आहे.

'धुक्याची किल्ली'च्या पाच प्रतींना मी महिनाही झाला नसेल, दुहेरी शिवण घातली होती. माझ्या हाताची शिवण उसवायला मलाच घाम फुटला. दोरा तुटेना, तर पानं फाटायला लागली. एवढं चांगलं काम मी अलीकडे केलं नव्हतं. वरून काठी वाजली, तीनदा. हातातलं संपवून जातो म्हटलं आणि उशीर झाला. गेलो तोवर ती झोपली होती.

सहावी प्रतही उसवली. तिचे शेवटचे दोन फर्मे मात्र फळीवर ठेवले. का ठेवले, सांगता येणार नाही. वाचले नाहीत.

१२ फेब्रुवारी

मेहुणी आली आहे. हिची धाकटी बहीण, रेल्वेत तिकीट तपासते, त्यामुळे सगळ्यांकडे संशयानेच बघते. आल्या आल्या हिच्याजवळ दार लावून बसली. बाहेर आली ती डोळे पुसत, आणि मला खाली दुकानात घेऊन गेली.

"भाऊजी, डॉक्टरांनी तुम्हाला काय सांगितलंय?"

"बरं वाटेल म्हणाले."

"बरं वाटणं आणि बरं होणं यात फरक असतो, भाऊजी."

मी तिला गप्प केलं. अविश्वासाचे शब्द आजाऱ्याच्या घरात नकोत. तर म्हणते, "तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुमच्यासमोर बोलायची चोरी. पोरीला कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची, त्याची काहीतरी वाट तिने शोधली होती, तीही बंद झाली म्हणते."

मी विचारलं, कसली वाट? तिला नीट सांगता येईना. मेहुणीच्या बोलण्यात नेहमीच अर्धं असतं.

दादांना म्हटलं, उद्यापासून सकाळचीही प्रार्थना आमच्या घरी ठेवू.

१९ फेब्रुवारी

सकाळी तीनदा काठी वाजली म्हणून लगेच वर गेलो. काठी भिंगरीच्या हातात होती. ही गेली होती.

२८ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. पण आज वाचनालयाच्या बाई आल्या होत्या, ते लिहितो.

त्यांना शाळेने घरी बसवलंय. त्याबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, मशीनच्या पात्याकडे बघत म्हणाल्या, "ते पुस्तक तुमच्या मिसेसनी माझ्याकडून मागून घेतलं होतं. मुलीला सांगायला गोष्ट हवी, म्हणाल्या, आई जाते अशी. मी चार दिली. त्यांनी सगळ्यांचे शेवट आधी वाचले आणि हे निवडलं."

"काय आहे शेवट?"

"पोरीला धुक्यात आई सापडते. परत आणता येत नाही. सगळं चेटूक करून बघते, तिथे चालत नाही. मग आई सांगते, की ही किल्ली दार उघडायची नाही, लावायची आहे. आणि पोर दार लावून घरी येते. एवढंच."

मी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. मग विचारलं, "हे तुम्ही त्या दिवशी शाळेत का सांगितलं नाहीत?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, यांना कळू देऊ नका, मी बरी होणार यावरच हे उभे आहेत."

बाई गेल्यावर कामाला बसलो. बोटाला दाभणाने टोचलं. रक्त पुसलं आणि परत बसलो.

१५ मार्च

भिंगरी सुधारली आहे. हे मी समाधानाने लिहितो. सांगितलेलं ऐकते. प्रार्थनासभेत पहिल्या ओळीत बसते, एकही शब्द चुकत नाही. धावपळ नाही, प्रश्न नाहीत. मला अहोजाहो करायला लागली आहे. "बाबा, तुम्ही जेवलात का?" मी कधी शिकवलं नव्हतं. दादा म्हणाले, घडण दिसते.

आज माझ्या समोर येऊन उभी राहिली. हात मागे बांधलेले.

"बाबा, तुम्ही मला माफ केलंत का?"

"कशाबद्दल?"

"धागा बांधला म्हणून."

मी तिला जवळ घेतलं आणि म्हणालो, "केलं बाळा. केव्हाच केलं." ती माझ्या अंगाला लाकडासारखी टेकून उभी राहिली. मग "हो" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

६ एप्रिल

मेहुणी भिंगरीला घेऊन गेली. म्हणाली, पोर रात्ररात्र जागी असते, तुम्हाला माहीत आहे का? माहीत नव्हतं. माझी झोप गाढ आहे. भिंगरीला विचारलं, मावशीकडे जातेस का? म्हणाली, "तुम्ही म्हणाल तसं." मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. तिने नाही म्हणावं म्हणून मी तीनचारदा विचारलं.

२१ एप्रिल

काम नाही. शाळेचं वाचनालय कुलपात आहे, फाटकी पुस्तकं येत नाहीत. सभेने दया करून प्रार्थनेच्या पुस्तिका बांधायला दिल्या आहेत. आधीच्या वर्षीच्या परत आल्या, त्या तशाच कोऱ्या करकरीत. एकीचीही पाठ सुटलेली नाही.

आज दादांना न विचारता मेहुणीकडे गेलो. फळीवरचे ते दोन फर्मे शिवून, पातळ पुठ्ठा घालून नेले होते. मी अजूनही ते वाचलेले नाहीत. बाई म्हणाल्या त्यावर विचार करत होतो. मेलेल्या माणसाची इच्छा हे चेटूक नव्हे, असं मी मनाशी ठरवलं होतं.

भिंगरी गृहपाठ करत होती. फक्त गणितं. मी पिशवीतून काढून तिच्यापुढे ठेवलं.

"आईला तुझ्याबरोबर वाचायचं होतं हे. शेवटचं. मी वाचून दाखवू?"

तिने हात लावला नाही. खुर्ची थोडी मागे घेतली. "नको बाबा. त्याने आई मेली ना."

"नाही ग. तसं नाही."

"तुम्हीच शाळेत सांगितलंत. सगळ्यांसमोर. माझ्या वर्गातल्या मुलींना त्यांच्या आईंनी सांगितलं, की मी बांधला आणि आई मेली." तिचा आवाज अगदी साधा होता, पाढे म्हणावे तसा. "मी आता असलं काही करत नाही. खरंच."

मी म्हणालो, "तुझ्यामुळे नाही झालं. डॉक्टर म्हणाले होते, हे असंच होणार होतं."

ती म्हणाली, "मग एवढी प्रार्थना कशाला केली?"

हे तिने उलट बोलायचं म्हणून विचारलं नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं. बघत राहिली माझ्याकडे. मेहुणी चहा घेऊन आली आणि प्रश्न तसाच राहिला. फर्मे परत आणले. तिने नाही म्हटलं याचं मला बरं वाटायला हवं होतं.

२२ एप्रिल

लगदेवाला आला होता. रद्दीबरोबर तेही दिले.

९ मे

दादा म्हणतात, मी घरात कुढत बसू नये. शेजारच्या दोनतीन गावांतल्या शाळांत हेच पुस्तक आहे. सुटी संपायच्या आत तिथल्या पालकांसमोर मी बोलावं. तुमच्यासारखं कोणी बोलू शकत नाही, म्हणतात. बायको गेली तरी श्रद्धा ढळली नाही, हे लोकांनी बघायला हवं. मी आधी नको म्हणालो. पण दुकानात बसून करणार काय? वरून काही आवाज येत नाही, आणि तरी मी मशीन थांबवून ऐकत असतो.

१७ मे

काल तिसऱ्या शाळेत गेलो. शाळा मोठी आहे, सभागृहात पंखे, स्टेजवर माझ्यासाठी खुर्ची, पाण्याचा ग्लास. मी घडलं ते सगळं सांगितलं. आता सवय झाली आहे, कुठे थांबायचं ते कळतं. बाईंनी सांगितलेला शेवट सांगितला नाही. त्याची तिथे गरज नव्हती. धाग्याशी आलो की लोक श्वास रोखतात. त्यांच्यासाठी थोडं थांबावं लागतं.

संपल्यावर मागच्या रांगेतली एक आई उठली. तिच्या मांडीवर एक लहान मुलगी झोपली होती, तिला सावरत, संकोचत तिने विचारलं, "तुमची मुलगी आता कशी आहे? आता काय वाचते ती?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी दादांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवून, बोला, अशी खूण केली.

मी म्हणालो, "आता ती काहीच वाचत नाही."

सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. मला पुढे बोलायचं होतं, पण टाळ्या थांबेनात, तेव्हा मी हात जोडले आणि खाली बसलो.